परदेशी सूर, आपली ढोलकी

तमाशाचा फड कुठलाही असो, पहिला मान गणरायाचा. ढोलकी आणि तुणतुणे जुळले की शाहीर गण म्हणतो. मग गौळण, बतावणी आणि शेवटी वग. विघ्नहर्त्याला वंदन केल्याशिवाय खेळ पुढे सरकत नाही, हा नेम पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. गंमत अशी की, ज्या खेळाची सुरुवात गणपतीच्या नावाने होते त्या खेळाचे 'तमाशा' हे नाव मूळचे अरबी आहे. गण म्हणणारा 'शाहीर' हाही अरबी. त्या भाषेत 'शाइर' म्हणजे कवी. त्याच्या हातातला 'डफ' अरबी. गाण्याची 'मैफल', गवयाचा 'रियाज', कलावंतिणीचा 'मुजरा' हे शब्दही तिकडचेच. ते फारसीच्या वाटेने दख्खनेत आले, दरबारातून फडावर उतरले आणि मराठीत असे मुरले की आज त्यांना परके म्हणावे असे कुणाच्या मनातही येत नाही.

शब्द आले तसे सूर आणि ठेकेही आले. यंदाच्या स्मरणिकेसाठी आम्ही हाच धागा हाती घेतला आहे. अरबी गाणे आणि ज्याला जग 'बेली डान्स' म्हणते ते इजिप्तचे नृत्य, यांचा आपल्या मराठी घरांशी काय संबंध, असे कुणीही विचारील. विषय ऐकून आमच्यातल्याच काही ज्येष्ठांच्या भुवया उंचावल्या होत्या! पण संबंध आहे, आणि तो फार लांबचाही नाही. तो आधी शिपायांच्या पावलांनी आला, मग पुस्तकांच्या पानांनी आणि शेवटी सिनेमाच्या पडद्यावरून. या शेवटच्या टप्प्यावर एका मराठी ढोलकीवाल्याने जे करून दाखवले, ते आपण सर्वांनी ऐकलेले आहे. त्याचे नाव मात्र आपल्यातल्या फार थोड्यांना ठाऊक असेल.

अरब शिपाई आणि मरफा

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात दख्खनेतील सरदारांच्या फौजांत अरबांची भरती वाढली. यातले बरेचसे हद्रमौतचे, म्हणजे आजच्या येमेनच्या पूर्व भागातले. कोरडा मुलुख, शेती थोडी, टोळ्यांची भांडणे कायमची. तेव्हा तरुण पोरे समुद्र ओलांडून नोकरीला निघत. पेशवे, नागपूरकर भोसले, निजाम अशा सर्वांनी त्यांना पदरी ठेवले. किल्ला राखावा तर अरबाने, अशी त्यांची ख्याती होती आणि इतर शिपायांपेक्षा त्यांना पगारही जास्त मिळे.

नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीच्या टेकडीवर अप्पासाहेब भोसल्यांची फौज आणि इंग्रज यांची लढाई झाली. त्यानंतर नागपूर शहरात ठाण मांडून शेवटपर्यंत झुंजले ते भोसल्यांचे अरबच. इंग्रजांना त्यांच्याशी वाटाघाटी करूनच शहराचा ताबा घ्यावा लागला. पुढच्याच वर्षी, १८१८ मध्ये, मालेगावच्या किल्ल्यातल्या अरबांनी असाच चिवट लढा दिला. मराठी राज्ये बुडाल्यावर यातले पुष्कळ जण हैदराबादेत निजामाच्या चाकरीत स्थिरावले. तिथे त्यांच्या जमादारांचा दबदबा एवढा वाढला की, कुआइती घराण्याने हैदराबादेत मिळवलेल्या पैशाच्या आणि मानाच्या बळावर हद्रमौतमध्ये स्वतःची सल्तनत उभी केली. ती १९६७ पर्यंत टिकली. हैदराबादच्या दक्षिणेला 'बारकस' नावाची जी वस्ती आहे, ती याच अरबांची. इंग्रजी 'बॅरॅक्स'चे दख्खनी तोंडात झालेले ते रूप.

आपल्या इचोड्यावरून जाणारा महामार्ग नागपूर आणि हैदराबाद या दोन शहरांना जोडतो. म्हणजे अरब शिपायांची ही दोन मोठी ठाणी आपल्या एका रस्त्याच्या दोन टोकांना आहेत. आपला आदिलाबाद जिल्हा तेव्हा निजामाच्याच राज्यात होता.

या शिपायांबरोबर त्यांचे वाजवणेही आले. त्याला 'मरफा' म्हणतात. मरफा हे चामड्याने मढवलेल्या वाद्याचे नाव आणि त्या सगळ्या वादनप्रकाराचेही. सोबत डफ, ढोल, लाकडी काठ्या आणि धातूचा हंडा. त्यात गाणे थोडे, ठेका जास्त. आफ्रिकेतून आलेले सिद्दी लोकही निजामाच्या घोडदळात होते, हैदराबादची 'ए. सी. गार्ड्स' ही वस्ती त्यांचीच. अरब आणि सिद्दी या दोघांच्या हातांनी मरफा हैदराबादी झाला. पुरुष गोलात उभे राहून काठ्या किंवा जंबिया उंचावत त्यावर नाचतात. हा 'जंबिया' शब्दही हद्रमौतचाच. मराठी कोशातही तो कट्यारीशेजारी जाऊन बसला आहे.

मरफ्याच्या ठेक्यांत 'तीन मार' हे नाव येते आणि इथे आपल्या वाचकांचे कान टवकारतील. आज तेलंगणात लग्नाची वरात असो, बोनालू असो की गणपतीचे विसर्जन, 'तीनमार' वाजल्याशिवाय पोरांचे पाय हलत नाहीत. तो आता डप्पूवर, बँडवर आणि अलीकडे यंत्रावरही वाजतो. पण हैदराबादच्या गल्ल्यांत वेगवेगळ्या जमातींचे वाजवणारे शेजारी-शेजारी राहिले, एकमेकांचे ऐकत गेले, आणि त्या ऐकण्यातून हा ठेका घडला. बाप्पांच्या पुढे नाचताना आपण कुणाकुणाच्या तालावर नाचतो, हे त्या घटकेला कुणी मोजत नाही. मोजूही नये. पण वर्षातून एकदा स्मरणिकेत त्याची आठवण करायला काय हरकत आहे?

पुस्तकातले बगदाद

दुसरी वाट पुस्तकाची. एकोणिसाव्या शतकात कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी 'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी' मराठीत आणायला सुरुवात केली. त्यांच्या हयातीत ते काम पुरे झाले नाही. विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि हरि कृष्ण दामले यांनी ते पुढे नेले. भाषांतर इंग्रजीवरून होते, पण मराठी अस्सल होते. अनेक पिढ्यांनी हे ग्रंथ दिवाणखान्यात उघडे आणि पोरवयात लपून वाचले. खलिफा हारून अल रशीद, सिंदबाद, अल्लाउद्दीन ही मंडळी मराठी घरात ओळखीची झाली. दासी गाते, वीणेसारखे वाद्य छेडते आणि ऐकणारा भान हरपतो, असे प्रसंग त्या गोष्टींत पदोपदी येतात. खरे अरबी गाणे कधी कानावर पडले नसले, तरी त्या गाण्याचे एक चित्र मराठी मनात तयार होते.

ते चित्र आणि प्रत्यक्ष यांत अंतर होते. म्हणून थोडे प्रत्यक्षाकडे वळू.

कैरोचे गाणे

अरबी संगीतात रागासारखी 'मकाम' ही व्यवस्था आहे. मकाम म्हणजे नुसती सप्तकातली स्वरपट्टी नव्हे. कुठून उठायचे, कुठे विसावायचे, कोणत्या स्वराशी रेंगाळायचे, हे सारे त्यात येते. आपला भैरव ज्याच्या कानात आहे त्याला 'हिजाझ' मकाम ऐकताना कोमल ऋषभ आणि शुद्ध गंधार यांच्यामधली ती ओळखीची ओढ चटकन जाणवेल. 'रास्त' मकामाचा गंधार मात्र आपल्या कोमल आणि शुद्ध गंधाराच्या मधोमध कुठेतरी बसतो. पेटीवर तो सापडत नाही. गळ्यात, ऊदवर किंवा व्हायोलिनवरच निघतो. १९३२ मध्ये कैरो येथे अरबी संगीताची मोठी परिषद भरली. हंगेरीचा बार्टोक आणि जर्मनीचा हिंडेमिथ तिला आले होते. तिथे असल्या अधल्यामधल्या श्रुतींवर विद्वानांनी कितीतरी खल केला. आपल्याकडे श्रुती बावीस की किती, यावर झडलेल्या वादांची आठवण यावी असाच तो प्रकार.

या संगीताचा विसाव्या शतकातला सर्वांत मोठा आवाज म्हणजे उम्म कुल्थुम. नाईल नदीच्या खोऱ्यातल्या खेड्यात, मशिदीत इमाम असलेल्या बापाच्या घरी जन्म. बाप धार्मिक गीते गायला जाई. मुलीचा गळा पाहून त्याने तिलाही बरोबर घेतले, पण मुलाचे कपडे घालून! मुलीने लोकांपुढे गाणे त्या समाजाला खपले नसते. स्त्रीभूमिकांसाठी बालगंधर्वांना शालू नेसावा लागला, तर तिकडे गाण्यासाठी मुलीला मुलाचा वेष घ्यावा लागला. लोकलाजेची तऱ्हा दोन्हीकडे सारखीच.

पुढे कैरो रेडिओवरून दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी तिची मैफल प्रसारित होई आणि अरब जगातले रस्ते ओस पडत. एकच गाणे तासभर चाले, कारण श्रोते एखाद्या ओळीवर आरोळी देत आणि ती तीच ओळ नव्या वळणाने पुन्हा गात राही. ऐकणाऱ्याच्या या धुंदीला अरबीत 'तरब' म्हणतात. संगीत नाटकाच्या पिटात बसून 'वन्स मोअर' देणाऱ्या आपल्या आजोबा-पणजोबांना हा शब्द समजावून सांगावा लागला नसता. १९७५ च्या फेब्रुवारीत ती गेली तेव्हा कैरोच्या रस्त्यांवर लाखो माणसे लोटली होती.

नाचणारीचे नशीब

गाणाऱ्या बाईला अखेर मान मिळाला. नाचणारीच्या वाट्याला तो सहजी आला नाही. इजिप्तमध्ये जुन्या काळी दोन वर्ग होते: घरंदाज जनान्यात गाणाऱ्या, काव्य जाणणाऱ्या 'अवालिम' आणि रस्त्यावर, जत्रेत नाचणाऱ्या 'घवाझी'. १८३४ मध्ये महंमद अलीच्या सरकारने नाचणाऱ्यांना कैरोतून हद्दपार करून दक्षिणेकडच्या गावांत धाडले. परदेशी प्रवासी तिथेही त्यांना शोधत गेले, ती गोष्ट वेगळी. १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात 'कैरोची गल्ली' उभारली गेली आणि त्या नाचाचा अमेरिकेत गवगवा झाला. त्याच वर्षी, त्याच शहरात, स्वामी विवेकानंदांचे सर्वधर्म परिषदेतले भाषण झाले. ते आपल्याला ठाऊक असते, हे नसते. फ्रेंचांनी दिलेल्या 'पोटाचा नाच' अशा नावावरून इंग्रजीत 'बेली डान्स' रूढ झाले. अरबीत त्याला 'रक्स शर्की', म्हणजे पूर्वेकडचे नृत्य, एवढेच साधे नाव आहे.

१९२६ मध्ये बदिया मसाबनी या बाईने कैरोत स्वतःचे नाट्यगृह काढले. तिने या नाचाला रंगमंच, प्रकाश, वाद्यवृंद दिला आणि त्याची बैठक बदलली. तहिया कारिओका आणि सामिया गमाल या तिच्या हाताखाली घडल्या, पुढे इजिप्तच्या सिनेमात गाजल्या. या नाचात कंबर, खांदे, पोट यांचे स्नायू वेगवेगळे आणि ताब्यात ठेवून हलवावे लागतात. एक अवयव तालात, बाकीचे शरीर स्थिर. तालवाद्याचे नाव दरबुका, पण इजिप्तमध्ये त्याला सरळ 'तबला' म्हणतात. मधोमध हात पडला की 'दुम', कडेला पडला की 'तक'. कधी बाकीची वाद्ये थांबतात आणि फक्त तबला आणि नर्तिका उरते. तो बोल टाकतो, ती कमरेने उत्तर देते.

हे वर्णन वाचून ज्यांना बैठकीची लावणी किंवा फडावरची ढोलकी आणि घुंगरांची जुगलबंदी आठवली, त्यांची आठवण रास्त आहे. दोन कला एकमेकींपासून निघाल्या असे आम्ही म्हणत नाही. त्यांची घडण वेगळी, पावले वेगळी. पण कारागिरी एकाच जातीची आहे आणि नशीबही. स्वातंत्र्यानंतर लगेचच मुंबई सरकारने तमाशावर बंदी आणली होती. पुढे अटी घालून ती उठवली. विठाबाई नारायणगावकरांना राष्ट्रपतींच्या हस्ते दोनदा गौरव लाभला आणि तरीही २००२ मध्ये त्यांचा शेवट हलाखीत झाला. तहिया कारिओकावर एडवर्ड सईदसारख्या थोर विद्वानाने आदराने लेख लिहिला. त्याच इजिप्तमध्ये सुसंस्कृत घरातली मुलगी नर्तकी होते म्हटले की आजही घरात रडारड होते. लग्नात नाच हवा, पण नाचणारी आपल्या घरातली नको, ही वृत्ती समुद्राच्या दोन्ही काठांवर आहे.

१९५१: एक चाल समुद्र ओलांडते

१९३६ मध्ये कैरोच्या स्टुडिओ मिस्रने 'वेदाद' नावाचा चित्रपट काढला. नायिका उम्म कुल्थुम. एका व्यापाऱ्याच्या घरच्या गाणाऱ्या दासीची ती कथा. धन्याचे दिवाळे निघते आणि त्याला वाचवण्यासाठी ती स्वतःला विकायला लावते. त्यात एक गीत होते: 'अला बलद इल-महबूब', म्हणजे प्रियाच्या गावाकडे. शब्द अहमद रामी यांचे, चाल रियाद सुन्बाती यांची. चित्रपटात ते दुसऱ्या गायकाने म्हटले आणि नंतर उम्म कुल्थुमने स्वतः गायले. आजही अरब देशांत ते प्रत्येकाच्या ओठांवर आहे.

पंधरा वर्षांनी, डिसेंबर १९५१ मध्ये, मुंबईत राज कपूरचा 'आवारा' लागला. त्यातले स्वप्नदृश्य हिंदी सिनेमाच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. आगीचा नरक, मग ढगांतून वर जाणाऱ्या पायऱ्या, प्रचंड मूर्ती आणि नर्गिस. त्या दृश्याचा कळस म्हणजे 'घर आया मेरा परदेसी'. शैलेंद्रचे शब्द, लताबाईंचा आवाज, शंकर-जयकिशन यांचे संगीत. चालीचा मुखडा सुन्बातींच्या त्या गीताचा. प्रियाच्या गावाला निघालेले गाणे इथे येऊन परदेशाहून घरी परतलेल्याचे गाणे झाले.

या जोडीतले शंकर हैदराबादेत वाढलेले होते. 'श्री ४२०' मधला 'रमय्या वस्तावय्या' हा तेलुगू मुखडा ते कुठून घेऊन आले, हे आपल्या भागात कुणाला समजावून सांगायला नको. चित्रपटाचे कलादिग्दर्शक होते एम. आर. आचरेकर, आपले मराठी चित्रकार. नृत्याची रचना उदयशंकरांच्या पथकातल्या सिमकी यांची. म्हणून चाल इजिप्तची असली, तरी नाच इजिप्तचा नाही. त्यात उदयशंकरी वळण आहे.

आता मुख्य गोष्ट. हे गाणे डोळे मिटून आठवा. पहिल्यांदा काय ऐकू येते? मेंडोलिनचे सूर, आणि त्यामागून उसळी मारून येणारी ढोलकी. ती ढोलकी काढली तर गाणे अर्धे होईल. ती वाजवली लाला गंगावणे यांनी. तमाशाच्या, लावणीच्या ढोलकीवर पोसलेला हा हात. सांगतात की राज कपूर आणि संगीतकारांना हवा तसा ठेका अनेक वादकांकडून मिळेना, तेव्हा गंगावणे यांना शोधून आणले, आणि त्यांनी हात टाकताच सगळ्यांचे चेहरे उजळले.

त्यांनी नेमके काय केले असेल, हे ढोलकी जाणणाऱ्याला कळते. अरबी तबल्याचा 'दुम' आणि 'तक' यांच्या जागी त्यांनी आपल्या ढोलकीचा घुमारा आणि शाईवरचा कडक बोल ठेवला. पण अरबी ठेक्याची नक्कल केली नाही. कहरव्याच्या अंगाने जात त्यांनी मधेमधे अशी उठावण घेतली, जशी फडावर लावणीच्या ओळी दरम्यान नाचणारीला पुढे ढकलण्यासाठी घेतात. कैरोची चाल त्या ढोलकीमुळे मुंबईची झाली, आणि ज्या कलेवर थोड्याच वर्षांपूर्वी सरकारने बंदी आणली होती, तिचा हात लाखो घरांत रेडिओवरून पोचला. तमाशाला ज्यांनी कधी पाय लावला नसता, अशा घरांतही ती ढोलकी वाजली. त्याच वर्षी व्ही. शांतारामांचा 'अमर भूपाळी' आला आणि होनाजी बाळाच्या लावण्याही लताबाईंच्याच गळ्यातून घराघरांत गेल्या. मराठी ढोलकीचे दिवस पालटले ते असे.

'आवारा' पुढे सोव्हिएत रशियात, तुर्कस्तानात, अरब देशांत प्रचंड चालला. म्हणजे सुन्बातींची चाल मराठी ढोलकी घेऊन पुन्हा आपल्या माहेरच्या मुलुखात गेली! त्यानंतर हिंदी सिनेमात अरबी वळणाचे सूर आणि कमरेच्या नाचाचा तो झगमगता पोशाख वारंवार दिसू लागला. 'शोले'मध्ये १९७५ साली हेलनने 'महबूबा महबूबा'वर केलेला नाच आपल्या पिढीला पाठ आहे. त्या चालीचे मूळ ज्या इंग्रजी गाण्यात सापडते, त्याचा ग्रीक गायक डेमिस रूसोस हा जन्माने अलेक्झांड्रियाचा, म्हणजे इजिप्तचाच. वाटा फिरून फिरून तिथेच जातात.

नावे कुणाची राहिली?

या सगळ्या कथेत आम्हाला एक गोष्ट सलते. 'आवारा'च्या श्रेयनामावलीत सुन्बातींचे नाव नाही. ढोलकीवाल्याचे नाव देण्याची तर त्या काळी रीतच नव्हती. तबकडीवर गायक, कवी आणि संगीतकार एवढेच. ज्याची चाल होती तो कैरोत राहिला आणि ज्याने ती आपली केली तो वाद्यमेळाच्या मागच्या रांगेत. मरफ्याचे तेच. निजामाच्या दरबाराचे फर्मान, जहागिरी, जमादारांच्या पदव्या कागदावर आहेत. मरफा वाजवणाऱ्यांची नावे त्यात नाहीत. घवाझींना हद्दपार करणाऱ्या राज्यकर्त्याचे नाव इतिहासात आहे. त्या बायकांची नावे कुठे आहेत?

परके आपले कसे होते, याचे उत्तर या नावांअभावी आपल्या हातून निसटते. एखादी चाल, एखादा ठेका परदेशातून आला म्हणून लगेच आपला होत नाही. कुणीतरी तो बोटांत घोळवतो, आपल्या कानाला रुचेल असा वळवतो, मग तो आपला होतो. हे काम पंडित करत नाहीत, राजे करत नाहीत. वाजवणारे, गाणारे, नाचणारे करतात, आणि बहुधा ते अशा वस्त्यांतले असतात ज्यांना मंडपात जागा मागच्या बाजूला मिळते.

आपल्या इचोड्याला हे वेगळे सांगायला नको. इथे मराठी, तेलुगू, उर्दू, गोंडी आणि बंजारा बोली एकाच बाजारात ऐकू येतात. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्ये भाषेवर वाटली गेली. आपल्या जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा मराठी मुलखाकडे गेले, आपण इकडे राहिलो. आधी आंध्र, मग २ जून २०१४ पासून तेलंगण. सरकारी पाट्या बदलल्या, शाळेची भाषा बदलली, घरातली मराठी आपण राखली. ती एकट्याने राखली असे म्हणणे मात्र खरे होणार नाही. आपल्या परिसरातले परधान पाहा. ते घरी मराठी बोलतात आणि गोंड यजमानांच्या पुराणकथा गोंडीत गातात. किकरीची तार त्यांच्या हाती. उटनूर-इंद्रवेल्लीकडच्या गावांत दिवाळीला दंडारी निघते, मोरपिसांचे मुकुट घालून गुस्साडी नाचतात. मार्लवाईच्या कनक राजू यांना त्या नृत्यासाठी २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा जिल्हाभर आनंद झाला. त्यांच्यासोबत ढोल वाजवणाऱ्यांची नावे आपल्यापैकी कुणी विचारली होती का?

आपल्या गणेशोत्सवाचेही असेच आहे. मिरवणुकीत काय वाजवावे, याची चर्चा दरवर्षी होते. तरुण म्हणतात मोठे साउंड बॉक्स हवेत. ज्येष्ठ म्हणतात परंपरा हवी. परंपरा म्हणजे नेमके काय, हे विचारले की उत्तर अवघड होते. डफ अरबी, सनई फारसीच्या वाटेने आलेली, ढोलकी आपली, डप्पू तेलंगणाचा, तीनमार हैदराबादच्या अरब-सिद्दींच्या शेजारातून आलेला. शुद्ध म्हणून वेगळे काढायला गेलो तर मिरवणूक मुकी होईल. आम्हाला वाटते, वाद्य कुठून आले यापेक्षा ते कोण वाजवतो हा प्रश्न मोठा आहे. साउंड बॉक्सपुढे हातांना काम नाही. डप्पूवाले, सनईवाले, ढोलकीवाले यांचा वर्षाचा अर्धा हंगाम गणपती आणि लग्नसराई. त्यांच्या हातात वाद्य राहिले तरच पुढच्या पिढीतला एखादा गंगावणे कुठल्यातरी परदेशी चालीला आपली करील. हात थांबले की फक्त ऐकणे उरते.

म्हणून एक साधी सूचना आम्ही मंडळापुढे ठेवत आहोत. आपल्या स्मरणिकेत देणगीदारांची यादी छापतो, जाहिरातदारांचे आभार मानतो, पदाधिकाऱ्यांची छायाचित्रे देतो. ते योग्यच आहे. त्यांच्यामुळे उत्सव उभा राहतो. यापुढे दरवर्षी एक पान वादकांसाठी ठेवावे. आरतीला झांजा आणि मृदंग कुणी वाजवला, स्थापनेला सनई कुणाची होती, विसर्जनाला डप्पू आणि ढोल घेऊन कोण आले, त्यांचे गाव कोणते आणि वाजवायला कुणाकडून शिकले, एवढे लिहावे. अर्थात त्यांची संमती घेऊन. मराठी वादक असो, तेलुगू असो, गोंड असो वा मुसलमान, नाव एकाच अक्षरात छापावे. खर्च एका पानाचा. पन्नास वर्षांनी कुणी इचोड्याच्या उत्सवाचा इतिहास लिहायला बसला, तर त्याच्या हाती काही लागेल.

तमाशाचा शाहीर गण म्हणून झाल्यावर आपल्या गुरूचे आणि फडाच्या मूळ पुरुषाचे नाव घेतो. गणरायानंतर लगेच ज्याने शिकवले त्याची आठवण, असा तो क्रम आहे. आपण गणपतीचे नाव घेण्यात कधी चुकत नाही. पुढचे नावही घेऊ या.

गणपती बाप्पा मोरया!